बीळ कुणाचं?

आमच्या डोळखांब भागात वैशाख सरता सरता जमीन भोकांनी भरून गेलेली दिसते. भोकं तशी बारा महिने असतातच, पण गवत वाळून, गुरांनी खाऊन आणि राब भाजून झाले की ती उघडी पडतात. खाचराच्या बांधात, गोठ्यामागं, आंब्याच्या मुळाशी, विहिरीच्या काठाला. आसनगाव स्टेशनात उतरून शहापूरमार्गे येणारा पाहुणा ती बघून बिचकतो आणि म्हणतो, "साप फार दिसतात हो तुमच्याकडं!" साप आहेत, नाही असं नाही. आजा पर्वताच्या पायथ्यापासून खाली किन्हवलीपर्यंत कुठल्याही वाडीत विचारा, सापानं गेलेलं एखादं माणूस प्रत्येकाच्या आठवणीत असतं. पण आमच्याकडचे हे साप काही बिळं खणत बसत नाहीत. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण कुणी पुस्तकात बसून केलेली नाही. ती शेतात बघूनच केलेली आहे. म्हणून भोक दिसलं की आमच्याकडं दोन प्रश्न पडतात. हे बीळ कुणी खणलं? आणि आता त्यात कोण आहे?

हे दोन प्रश्न मला आजीनं शिकवले. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बीळ वाचायची तिची पद्धत पक्की होती. माती कोरडी, भुसभुशीत आणि एकाच बाजूला उपसलेली, तोंडाशी भाताची लोंबी पडलेली, म्हणजे उंदीर. तसलंच पण पायलीभर मातीचा ढीग असेल तर घूस. तोंड चपटं, चंद्रकोरीसारखं असेल तर इंगळी, तिथं बोट नेऊ नये. तोंडावर आतून रेशमासारखं अस्तर असेल तर कोळी. आणि तोंड लिंपल्यासारखं गुळगुळीत, बाहेर बोराएवढ्या मातीच्या गोळ्या, गोळ्यांवर बारीक टोचे मारल्याच्या खुणा, म्हणजे मुठा.

"हात घालायच्या आधी डोळं घाल, पोऱ्या," असं ती म्हणायची. आम्ही पोरं मुठे धरायला निघालो की हे एवढंच सांगायची, बाकी काही नाही.

मुठा म्हणजे जमिनीतला खेकडा. आमच्या घरात खेकडा हा शब्द तसा पाहुण्यांसाठीच होता. कल्याणकडून बाजारात यायची ती खाडीची चिंबोरी, ओढ्यातल्या दगडाखाली सापडायची ती बारकी खेकडी, आणि शेतात, बांधात, डोंगराच्या उतारावर बीळ करून राहणारा तो मुठा. काळपट तपकिरी पाठ, पायांवर तांबूस झाक, आणि दोन डेंग्यांतला एक दुसऱ्यापेक्षा ठळक मोठा. त्या मोठ्या डेंग्यात बोट सापडलं की सुटायची वाट बघत गप बसायचं. ओढाताण केली तर तो आणखी आवळतो.

हे सगळं आज लिहायचं कारण आमच्या विहिरीजवळची तीन बिळं.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात, वळवाची एक सर पडून गेल्यावर, विहिरीपासून सहा-सात पावलांवर जुन्या बांधाच्या पायाशी तीन भोकं दिसली. ओढा तिथून चांगला दोन हाका लांब. आजूबाजूची जमीन भेगाळलेली, तांबडी, कडक. माझा पुतण्या कल्याणला कॉलेजात शिकतो, तो सुटीला आला होता. त्यानंच ती पहिल्यांदा पाहिली. फोटो काढला, मोबाईलला विचारलं आणि धावत माझ्याकडं आला.

"काका, हा क्रेफिश असू शकतो म्हणतोय."

क्रेफिश म्हणजे काय, हे मग त्यानंच मला दाखवलं. झिंग्यासारखं लांबट अंग, मागं पंख्यासारखी शेपटी आणि पुढं खेकड्यासारखे डेंगे. अमेरिकेत त्याच्या काही जाती ओलसर जमिनीत खोल बीळ करतात आणि आतली माती गोळी गोळी करून वर आणतात. तोंडाभोवती त्या गोळ्यांची चांगली वीतभर उंच चिमणी उभी राहते. तिथल्या लोकांच्या अंगणात, हिरवळीत अशा चिमण्या उगवतात आणि तेही आपल्यासारखेच विचारत बसतात, बीळ कुणाचं म्हणून. फोटो बघून मला मौज वाटली. गोळ्या अगदी आमच्या मुठ्याच्याच! एवढ्या लांबच्या दोन निराळ्या जिवांनी माती वर काढायची रीत मात्र एकच धरली.

पण क्रेफिश हा आपल्या देशातला मूळचा जीव नाही. आपल्याकडं तेच काम खेकड्यानं उचललं आहे. दोघांतला फरक सांगायला मोबाईल लागत नाही. क्रेफिशची शेपटी मागं पसरलेली असते आणि खेकड्याची पोटाखाली दुमडून चिकटलेली. खेकडा उलटा केला की पोटावर जी पट्टी दिसते ती त्याची शेपटीच. नराची पट्टी चिंचोळी, मादीची रुंद. आजी मादीच्या पट्टीला पदर म्हणायची. का म्हणायची ते पुढं येईलच.

पुतण्याची शंका मात्र खरी होती. "खेकडा पाण्यात राहतो ना? मग इथं पाणी कुठंय?"

त्याचं उत्तर मी देण्याआधी ते दुसऱ्याच कुणीतरी दिलं. आमच्या वाडीपलीकडं कातकऱ्यांची दहा-बारा घरं आहेत. तिथली एक मावशी पावसाळ्यात मुठे धरून वेलीनं बांधून रस्त्याला विकायला बसते. ती त्या दिवशी काटक्या घेऊन चालली होती. तिला हाक मारली. तिनं मोळी खाली ठेवली, उकिडवी बसली आणि तिन्ही भोकांकडं आळीपाळीनं बघितलं.

"गुरुजी, बिळं तीन हायेत, पण मुठे दोनच. ह्ये तिसरं रिकामं."

तिसऱ्याच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं आणि गोळ्या वाळून, झिजून सपाट झालेल्या. बाकीच्या दोन्हींच्या गोळ्या ताज्या. आणि तिनं पुतण्याला एक गोष्ट दाखवली जी माझ्याही आधी तिच्या लक्षात आली. वरची जमीन तांबडी होती, गोळ्या मात्र राखाडी, चिकट, बोटाला लागणाऱ्या. म्हणजे ती माती वरची नव्हतीच. खालून, ओलीतून आलेली होती.

"पानी खाली हाय," ती म्हणाली. "मुठा पान्यापाशी ऱ्हातो. पानी खाली गेलं का त्योबी खाली जातो."

मुठ्याला कल्ले असतात, पण कवचाखालची त्यांची पोकळी ओली राहिली की तो हवेतही श्वास घेऊ शकतो. म्हणून त्याला तळं लागत नाही, ओल पुरते. पावसाळा संपला, ओढे आटले की तो जमिनीखालच्या ओलीपर्यंत खणत जातो आणि कडक उन्हाळ्यात बिळाचं तोंड चिखलानं बंद करून आत पडून राहतो. पहिली सर आली की ते बूच फोडून बाहेर. वरून बघणाऱ्याला वाटतं, कोरड्या माळावर खेकडा आला कुठून?

मावशीनं गवताची एक ताठ काडी आत सारली, हलवली, थांबली, पुन्हा हलवली. मग काडी हळूहळू मागं घेतली आणि तिच्या टोकाला डेंगा धरूनच मुठा तोंडाशी आला. दुसऱ्या हातानं तिनं तो पाठीवरून अलगद दाबून धरला आणि उलटा केला. रुंद पदर. तिनं नखानं तो जरासा उचलला. आत ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं एकमेकांत गुंतून बसली होती, प्रत्येकाला पाय, प्रत्येकाला डेंगे, सगळं जागच्या जागी.

खाडीच्या चिंबोरीचं तसं नाही. तिची पिल्लं आधी पाण्यात तरंगणाऱ्या किड्यासारखी असतात आणि रूप बदलत बदलत खेकडा होतात. गोड्या पाण्याच्या खेकड्याची पिल्लं अंड्यातूनच खेकडा होऊन निघतात आणि पाऊस लागून चालती होईपर्यंत आईच्या पदराखाली राहतात. आजी पदर का म्हणायची, ते पुतण्याला सांगायची गरज उरली नाही. तो कितीतरी वेळ नुसता बघत होता. फोटो काढायचंही विसरला.

मावशीनं मादी परत बिळाच्या तोंडाशी ठेवली. "पोरांवालीला घेत नाय," एवढं बोलून मोळी उचलून गेली. आमच्या घरातही हाच नेम होता. पहिल्या पावसात लोक वलगणीचे मासे धरायला आणि मुठे वेचायला बत्त्या घेऊन निघत, पण पदर भरलेली मादी हाती आली तर आजी ती खाचरात सोडायला लावायची. ह्यात दया किती आणि हिशेब किती, हे मी तिला कधी विचारलं नाही.

पुतण्याला नावही हवं होतं. ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं. आपल्या मुठ्याला शास्त्रज्ञांनी १८३६ साली नाव दिलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले विल्यम हेन्री साईक्स नावाचे अधिकारी दख्खनमध्ये बरीच वर्षं होते. पक्षी, प्राणी, मासे, जे दिसेल ते ते गोळा करून लिहून ठेवत. दख्खनच्या जमिनीवर राहणाऱ्या खेकड्यांनीही त्यांचं लक्ष वेधलं. त्यांच्या नोंदीवरून आणि नमुन्यांवरून लंडनमध्ये वेस्टवुड यांनी ह्या खेकड्याचं नाव ठेवलं, क्युनिक्युलॅरिस. आज शास्त्रात तो बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस म्हणून ओळखला जातो. लॅटिनमध्ये क्युनिक्युलस म्हणजे ससा, आणि जमिनीखालचा बोगदाही. म्हणजे नाव देणाऱ्यानं रंग पाहिला नाही, डेंगा पाहिला नाही, आधी बीळ पाहिलं. आजीचीच रीत.

सह्याद्रीत खेकड्यांच्या जाती अजून सापडतच आहेत. २०१४ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी घाटातल्या रंगीत खेकड्यांसाठी एक नवीनच गट केला आणि त्याला घाटावरूनच 'घाटियाना' नाव दिलं. म्हणून आमच्या बांधातला प्रत्येक खेकडा तोच, असं मी छातीठोक सांगणार नाही. जातीची खात्री करायला नमुना तज्ज्ञाच्या हातात जावा लागतो. पण बीळ मुठ्याचं आहे, उंदराचं किंवा सापाचं नाही, एवढी ओळख आम्हाला त्या दिवशी पुरेशी होती. संध्याकाळी त्याच ओळखीवर सगळं येऊन ठेपलं.

संध्याकाळी धाकटा भाऊ शेतावरून आला. त्याला तीन भोकांची खबर वाटेतच लागली होती. तो सरळ माळ्यावर चढला आणि फोरेटचा जुना डबा घेऊन खाली उतरला. ते दाणेदार औषध आमच्याकडं थायमेट म्हणूनच ओळखतात. देशात २०२० सालच्या अखेरीस त्याच्यावर बंदी आली, पण जुने डबे घराघरांत राहून गेले आहेत. झाकण उघडलं तरी वास डोक्यात जातो.

भावाचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. त्याची मुलगी तेव्हा पाच वर्षांची, दिवसभर विहिरीकडं खेळायची. आदल्या पावसाळ्यात शेजारच्या पाड्यातली एक पोर मण्यार चावून गेली होती. झोपेतच चावली, सकाळी पोट दुखतंय म्हणाली, गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. भाऊ तिच्या मातीला जाऊन आला होता.

"दादा, मुठा असो का साप असो, तीन मुठी टाकतो आणि मोकळा होतो. माझी पोर तिथं फिरते."

शिवाय मुठ्यावर त्याचा शेतकरी म्हणून राग होताच. आवणीनंतर रोपं बुडाशी कातरतो तो मुठा. बांधाला आरपार भोक पाडतो, एका रात्रीत खाचर रिकामं होतं आणि चिखलात घातलेलं खतही वाहून जातं. त्यापायी कोकणात शिजवलेल्या भातात औषध कालवून बिळाच्या तोंडाशी ठेवतात. कुणी हौसेनं ठेवत नाही. खाचरात पाणी थांबलं नाही तर भातच नाही.

मी भावाला म्हटलं, "डबा ठेव खाली. आधी एक बघू."

बांबूची एक लांब कामटी घेतली आणि रिकाम्या, तिसऱ्या बिळात हळूहळू सोडली. तिरकी तिरकी तीन हात आत गेली आणि अडली. बाहेर काढली तर टोकाला वीतभर राखाडी चिखल, त्यातून पाणी निथळत होतं. मग कंदील घेऊन विहिरीत डोकावलो. आमच्या विहिरीला वरच्या अंगाला, छातीभर खोलीवर, जिथं मुरूम संपून कातळ लागतो तिथं एक पाझर आहे. मे महिन्यातही तिथला दगड ओला असतो, शेवाळ धरून. बिळं पाझराच्याच बाजूला. खोलीही तीच.

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. भाऊ कामटीकडं बघत राहिला, विहिरीकडं बघत राहिला. ज्या ओलीपर्यंत मुठा पोचला होता तीच आमच्या घागरीत येत होती. बिळात टाकलेली मूठ पहिल्या मोठ्या पावसात विहिरीत उतरली असती, आणि विहिरीचं पाणी पीत होती तीच पाच वर्षांची पोर.

त्यानं झाकण घट्ट लावलं. मग विचारलं, "आणि सापाचं काय?"

तेही बिळानंच ठरवून दिलं होतं. मुठा आत असलेलं बीळ सहसा साप गाठत नाही असं आजी म्हणायची, पण त्यावर भरवसा ठेवून लहान मूल सोडता येत नाही. मात्र भीती सगळ्यात जास्त कशाची, तर रिकाम्या बिळाची. मालक गेलेलं, कोरडं तोंड असलेलं, आयतं. म्हणून तिसरं बीळ आम्ही त्याच रात्री दगडगोटे ठासून, चिखल कुटून बंद केलं. चालू असलेल्या दोन बिळांभोवती काटेरी झाप टाकली, म्हणजे पोर तिकडं जाणार नाही. आणि मुलीला जमिनीवर न झोपवता खाटेवर, मच्छरदाणीत झोपवायचं ठरलं. मण्यार रात्री घरात शिरते, तेव्हा ह्या दोन गोष्टी शंभर बिळं बुजवण्यापेक्षा जास्त उपयोगाच्या.

डब्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. पुरला तर जमिनीत, फेकला तर ओढ्यात. अजूनही तो कुलपात आहे.

बांधासाठी आम्ही बाबांचीच रीत पुन्हा धरली. बाबा आवणी झाली की रोज पहाटे इरलं घेऊन बांध फिरायचे. पाणी कुठं गढूळ सुटतंय ते बाहेरच्या अंगानं बघायचं, आतल्या अंगानं पायानं चाचपून तोंड शोधायचं, गवताचा बोळा आणि चिकणमाती कोंबून टाचेनं दाबायची. मोठा मुठा हाती लागला तर तो घरी. आजी त्याचे बारके पाय पाट्यावर वाटून रस गाळून घ्यायची, त्यात तांदळाचं पीठ लावून कालवण करायची. नागलीच्या भाकरीबरोबर ते खाल्लं की पहाटेच्या पावसातली थंडी जायची. बांधही राहायचा, मुठेही संपायचे नाहीत.

मुठा बांध पोखरतो हे खरंच आहे. पण त्याच्या नावावर काय काय खपवायचं, ह्याला सुमार हवा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं झोपेत वाहून गेली. त्यानंतर राज्याच्या तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं की खेकड्यांनी धरण पोखरलं. महाराष्ट्रभर ते गाजलं. आमच्या ठाण्यात तर विरोधी पक्षाची मंडळी खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेली, ह्यांना अटक करा म्हणून. लोक हसले. मला हसू आलं नाही. ज्यानं एक पावसाळा बांध राखला आहे त्याला ठाऊक असतं की मुठा एका रात्रीत बांध फोडत नाही. आधी पाणी झिरपतं, मग गढूळ होतं, मग धार लागते. ह्या तिन्ही वेळा कुणीतरी पहाटे फिरायला लागतं.

आणि पाण्याचं आमच्या तालुक्याचं गणित तर वेगळंच आहे. भातसा, तानसा, वैतरणा, सगळी इथंच अडवली, मुंबई त्यावर पाणी पिते. आणि आमच्या कितीतरी पाड्यांना एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. अशा ठिकाणी कोरड्या जमिनीत राखाडी, ओली गोळी वर आणून ठेवणारा जीव म्हणजे फुकटची खबर आहे. आता समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून जमिनींचे भाव बदलले. रस्त्याकडेला जेसीबीनं माळ सपाट होतात, भोवती भिंती येतात. त्या भिंतींच्या आत बिळं दिसत नाहीत. मावशीही सांगते की पूर्वी एका रात्रीत टोपली भरायची, आता दोन-तीन वेली बांधून होतात तेवढंच.

पुतण्यानं त्या मादीचा फोटो पुढच्या सुटीत काढला. ती तीच होती का दुसरी, सांगता येणार नाही. यंदा वळीव झाल्यावर भाऊच मला हाताला धरून विहिरीकडं घेऊन गेला. दोन जुनी बिळं चालू होती, आणि बांधाच्या खालच्या अंगाला तीन नवीन, करंगळीएवढ्या तोंडाची. त्यांच्याबाहेरच्या गोळ्या मुगाच्या दाण्याएवढ्या होत्या. मुलगी आता सात वर्षांची आहे. तिनं उकिडवं बसून एक गोळी दोन बोटांत दाबून पाहिली आणि बापाला सांगितलं, "ओली आहे."